आबा, पेन्सिल आणि आपण दोघं

आबा,

तुमच्या तेराव्याला आपल्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता, तो मी वहीत काढला. आत बायका बसल्या होत्या, पंगत चालली होती, तुमचा संजय येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत होता. मी वाढता वाढता थांबले, कारण छातीत एकाएकी धडधडायला लागलं. तेच जुनं. हातापायाला मुंग्या, घसा कोरडा, आता आपण इथंच कोसळणार अशी खात्री. भांडं खाली ठेवून मी जिन्यात येऊन बसले. लहान वही पिशवीत असतेच. समोर चपला होत्या, म्हणून चपला काढायला घेतल्या. एक अंगठ्यापाशी झिजलेली, एकीच्या टाचेला भाताच्या खाचरातला चिखल वाळलेला, एकीचा तुटका पट्टा तारेनं बांधलेला. त्या तारेचे वेढे काढून होईपर्यंत श्वास जागेवर आला होता.

तेवढ्यात आत्या बाहेर आल्या. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं.

"आगं, सासऱ्याचं तेरावं हाय आज. आन तू हितं चित्रं काडती?"

मी वही मिटली. तुम्ही असतात तर आपल्या बहिणीला हाताला धरून जिन्यावर बसवलं असतंत आणि म्हणाला असतात, "बस. तुजी चप्पल कंची ती दाव आदी."

त्या दिवशी लोक तुमच्याबद्दल खूप बोलले. तुमची बैलजोडी, तुमचा भात, डोक्यावर पोतं घेऊन घाट चढायचात ते, भजनातला तुमचा आवाज. चित्रांबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. घरच्यांना ती म्हातारपणातली गंमत वाटत होती, गावच्यांना ठाऊकच नव्हती. म्हणजे त्याबद्दल बोलायला मला तुम्हीच उरलात.

आई गेल्यावर संजय तुम्हाला आंदर मावळातून इकडं लोणावळ्याला घेऊन आला. गावाला एसटी आली तर आली, दवाखाना डोंगराखाली, तुम्हाला एकटं ठेवायचं कसं? तुम्ही नाही म्हणाला नाहीत. हो पण म्हणाला नाहीत. एक पिशवी, घोंगडी आणि टोपी एवढं घेऊन आलात आणि गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलात, ते बसूनच राहिलात. समोर शेजारच्या बंगल्याची भिंत. दिवसभर तिच्याकडं तोंड. जेवायला बोलावलं की यायचात, अर्धी भाकरी मोडायचात, अर्धी तशीच. "बरं वाटतंय का आबा?" या प्रश्नाला "व्हय." "काही हवंय का?" याला "न्हाई." एवढ्या दोन शब्दांवर तुमचे कितीतरी आठवडे गेले. संजय रेल्वेच्या शिफ्टवरून दमून यायचा, तुमच्याशेजारी उभा राहायचा, काय बोलावं ते न सुचून आत यायचा. "ते इकडं आहेत, पण आलेलेच नाहीत," असं एकदा मला म्हणाला.

त्याच वर्षी माझंही बिनसलं होतं. तुम्हाला तेव्हा कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून आता सांगते. तुंगार्लीतल्या ज्या हॉटेलात मी काउंटरवर होते, तिथं एका रविवारी गर्दीत दोन कुटुंबांना एकच खोली दिली गेली होती. दोन्हीकडचे पुरुष माझ्यावर ओरडत होते, फोन वाजत होता, आणि मला त्यांची तोंडं हलताना दिसायला लागली पण आवाज येईना. मी काउंटरमागं खाली बसले. हृदयाचं काहीतरी असणार असं वाटून सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय धडधाकट निघालं. मग पुण्याच्या एका डॉक्टरबाईंकडं गेलो. मनाच्या डॉक्टर. त्यांनी गोळ्या दिल्या आणि वर म्हणाल्या, "रोज थोडा वेळ समोर जे असेल ते काढायचं. पेन्सिलनं. खोडरबर नाही, सुंदर काढायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. बघायचं आणि हात चालवायचा." मला राग आला होता. जीव जायची वेळ आणि ही बाई मला शाळकरी पोरीसारखी चित्रकला सांगते. पण गोळ्या घेतल्या तसंच हेही घेतलं. गोळ्या थांबवायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलं होतं. ते मी पुढं तुमच्या बीपीच्या गोळ्यांबाबत तुम्हालाही तसंच बजावलं, आठवतं? तुम्ही गोळी जिभेखाली लपवायचात.

तर एका सकाळी मी गॅलरीच्या दारात बसून चहाचा कप काढत होते. कान तुटलेला निळा कप. तुम्ही खुर्चीत, भिंतीकडं तोंड करून. कधी मान वळवलीत मला कळलं नाही.

"काय करती गं?"

मी दचकले. घरात तुमचा आवाज ऐकायची सवयच राहिली नव्हती.

"कप काढतेय आबा."

"कशापायी?"

"डोकं शांत राहतं."

"कपानं?"

"कप बघून बघून."

तुम्ही पुष्कळ वेळ कपाकडं पाहिलंत, मग माझ्या कागदाकडं, मग परत कपाकडं. आणि म्हणालात, "चा हाय का त्यात?"

"नाही, संपला."

"मंग कर की. माला बी घाल."

तुम्ही आपणहून चहा मागितलात, आबा. स्वयंपाकघरात जाऊन मी गॅस पेटवला आणि रडले. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या मांडीवर पाट ठेवला, त्यावर कागद. तुम्ही पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत धरलीत. एवढी दाबलीत की टोक मोडलं आणि कागद फाटला. दुसरा कागद दिला. "काय काडू?" म्हणालात. मी म्हटलं, समोर असेल ते. समोर तुमचाच डावा हात होता पाटावर. त्याच्याभोवती तुम्ही रेघ ओढायला लागलात, मग थांबलात. हात उलटा केलात, सुलटा केलात, डोळ्यांजवळ नेलात.

"ह्यो हात म्या कदी बगितलाच न्हवता," म्हणालात.

त्या हातावर तुम्ही तीन-चार सकाळी घालवल्यात. कागदावर उतरलं ते फणसाच्या पानासारखं काहीतरी होतं. पण काढता काढता तुम्ही बोलायला लागलात. या बोटाचं नख कडबा तोडताना गेलं. हा वळ कासऱ्याचा, बैल बुजला तेव्हाचा, "फरफटत गेलतो पार वढ्यापातूर." तळहाताच्या कडेला भाजल्याचा डाग होता. तो आईंनी चुलीतून जळकं लाकूड ओढलं तेव्हाचा. तुम्ही मध्ये हात घातलात म्हणून आईंचं तोंड वाचलं होतं. संजयलाही हे ठाऊक नव्हतं. तो दारात उभा राहून ऐकत होता, कामावर जायला उशीर झाला तरी.

मग आपण तलावावर जायला लागलो. माझी दुपारची ड्यूटी असली की सकाळी तुंगार्लीच्या धरणाच्या भिंतीपर्यंत चालत, मी पिशवी घेऊन, तुम्ही काठी घेऊन. एका दगडावर तुम्ही, एकावर मी. बोलणं फारसं नाही. पाण्यावरचं धुकं उठायचं, समोरचा डोंगर आधी नुसता करडा, मग त्यावर झाडं यायची. आपापल्या कागदावर आपापला डोंगर. तुमचे बैल तर शेवटपर्यंत कुत्र्यांसारखे दिसले. तुम्हीच म्हणायचात, "ह्यो भुंकंल आता." मी हसून हसून बेजार. माझी झाडं तुम्हाला झाडू वाटायची. आपल्या दोघांपैकी कुणालाच कधी चांगलं काढता आलं नाही, आणि त्याचं ओझंही झालं नाही. माझं उरलेलं सगळं आयुष्य तेव्हा चांगलं करून दाखवण्यात चाललं होतं. त्या दगडावर तेवढी सुट्टी मिळायची.

एकदा मुंबईची एक बाई फिरायला आली होती. तुमच्या खांद्यावरून वाकून तिनं पाहिलं. काड्याकाड्यांची माणसं, काड्याकाड्यांचे बैल. "आजोबा, वारली का?" तिनं कौतुकानं विचारलं. तुम्ही टोपी सारखी केलीत आणि म्हणालात, "न्हाई बाय, आमी मराठे." ती गेल्यावर मी तुम्हाला समजावून सांगितलं, की ती जात नाही, चित्रांची तऱ्हा विचारत होती. तुम्ही पाणी प्यायला थांबेपर्यंत हसत होतात. आई गेल्यानंतरचं ते तुमचं पहिलं मोठं हसणं.

तलावावरच मी तुम्हाला म्हटलं होतं, "आबा, आईंना काढा ना एकदा." तुम्ही मान हलवलीत. मी पुन्हा दोन-तीनदा म्हटलं. मला वाटायचं, एकदा तो चेहरा कागदावर आला की तुमच्या छातीवरचा धोंडा उतरेल. कुठंतरी वाचलेलं असं आपण दुसऱ्याला लगेच लावतो. शेवटी तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत.

"सारकं सारकं काय त्ये. माला येत न्हाई."

"बैलसुद्धा येत नाहीत तुम्हाला. तरी काढता की."

तुम्ही पाण्याकडं तोंड केलंत. मग म्हणालात, "बैल बगितल्यात म्या. तिला बगायचं ऱ्हायलं. पन्नास वरसं म्होरं हुती. भाकरी वाढताना हात दिसायचा. पाटीखाली मान दिसायची. तोंड डोळ्याम्होरं आनाय बसलो तर येत न्हाई गं."

परत येताना मी तुमच्या पुढं चालले, मागं वळून पाहिलं नाही, कारण तुम्ही उपरण्यानं डोळे पुसत होतात.

गावाकडच्या जमिनीचं घरात निघालं ते त्याच थंडीत. तुमच्या भावकीनं आपापली खाचरं बंगल्यांच्या प्लॉटसाठी देऊन टाकली होती. मध्ये आपलं तेवढं राहिलं होतं आणि घेणाऱ्याला सलग हवं होतं. संजयला विकायचं होतं. मी त्याच्याशी भांडले. आबांचा जीव आहे त्यात, आत्ता कुठं ते माणसांत आलेत, तू परत त्यांच्या मुळावर उठतोस. संजय म्हणाला, "भात लावायला तू येणार आहेस? आपली पोरगी पुण्याचं कॉलेज सोडून येणार आहे? दोन वर्षं पड आहे रान. काटेरी झुडपं उगवलीत." मी म्हटलं, उगवू देत. स्वयंपाकघरात आवाज वाढले होते, तुम्हाला गॅलरीत सगळं ऐकू जात होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "रईवारी माला गावाला न्या."

नेलं. तुम्ही बांधावर घोंगडी टाकलीत, पाट मांडीवर घेतलात आणि पहिल्या खाचरापासून काढायला बसलात. दुपारी भाकरी खाल्लीत, परत बसलात. पुढच्या रविवारी दुसरं खाचर. मग विहीर. मग ती वाकडी चिंच, जिच्याखाली बैल बांधायचे. प्रत्येक कागदावर चौकोन आणि आडव्या-तिडव्या रेघा, दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. पण तुम्ही एक रेघ ओढण्याआधी इतका वेळ बघायचात की संजय सुरुवातीला घड्याळ बघायचा, नंतर नंतर गाडीला टेकून तोही समोर बघायला लागला. एका रविवारी त्यानं विचारलं, "आबा, तो मधला बांध वाकडा का हो?" तुम्ही सांगितलंत, तिथं टिटवीनं अंडी घातली होती, ती वाचवायला त्या साली वळसा घेतला आणि मग तसाच राहिला. संजय म्हणाला, "मला वाटायचं तुमचा नांगर वाकडा गेला." दोघं हसलात. मी मनात म्हटलं, जिंकलं. आता हा विकत नाही.

आणि त्याच संध्याकाळी गाडीत तुम्ही म्हणालात, "संजू, कागूद कर. घर तेवडं ठेव. रानाचं माजं बगून झालं."

वडगावच्या कचेरीत जाऊन तुम्ही सही केलीत. मी घरी थांबले. त्यानंतर मी तुमच्याशी नीट बोलत नव्हते, ताट जरा आपटून ठेवत होते. तुम्हाला कळत होतं.

"माधवी, रागावलीस व्हय?"

"मी तुमच्या बाजूनं भांडले आबा. आणि तुम्ही सरळ देऊन टाकलंत."

"भांडलीस त्ये आयकलं म्या. लय बरं वाटलं. पर जिमीन संजूची बी हाय. त्याला न्हाई व्हायाची."

"म्हणून विकायची? बघून झालं म्हणून?"

"बगून झालं म्हनून देता आली," तुम्ही म्हणालात. "न्हाईतर जीव अडकून ऱ्हायला असता. तुज्या सासूत ऱ्हायला तसा."

मला हे पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. जे इतकं नीट बघितलं ते तर घट्ट धरावं, असं मला वाटतं. हे भांडण मी पुढं कधीतरी करायचं ठरवलं होतं, तलावावर, तुमचा मूड बघून. परवा आम्ही गावचं घर झाडायला गेलो, तेव्हा रानाला तारेचं कुंपण पडलं होतं. आत जेसीबी चालला होता, बांध सपाट झाले होते, टिटवीचा तो वळसाही. संजय कुंपणाला हात लावून उभा राहिला. विकून खूश असेल असं मी धरून चालले होते, पण तो रडत होता. आणि मी, जिला सगळ्यात जास्त राग यायला हवा होता, ती चिंच अजून उभी आहे का ते शोधत होते. आहे, आबा. तेवढी ठेवलीय त्यांनी. मला तुमच्याशी भांडायचं होतं आणि चिंच आहे हेही सांगायचं होतं.

खोकल्याचं निमित्त झालं. तुम्ही "थंडीचा हाय" म्हणत राहिलात, आम्हीही तेच म्हणत राहिलो, आणि तळेगावच्या दवाखान्यात नेलं तोवर दोन्ही फुप्फुसं भरली होती. तुम्ही गेलात ती सकाळची वेळ. मी डबा भरत होते आणि संजयचा फोन आला. त्याला बोलता येत नव्हतं, त्यामुळं मला कळलं. गोळ्या, डॉक्टरबाई, पेन्सिल, सगळं असूनही तेराव्यापर्यंत मला काही हातात धरवलं नाही. चित्र काढून दुःख जातं असं मी कुणाला सांगणार नाही. ते आपलं बसलेलं असतं शेजारी. आपण समोरच्या तांब्याकडं बघत असलो की तेही जरा गप्प बसतं, इतकंच.

पण मला तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दुपारबद्दल बोलायचंय, आबा. ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. संजय शिफ्टवर होता, तुमच्याजवळ मी एकटी. नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन. तुम्ही पेन्सिल मागितलीत. बोटांत दिली तर ती ठरेना, चादरीवर घरंगळली. दोनदा दिली, दोनदा पडली. मग तुम्ही म्हणालात, "तू काड."

"काय काढू?"

"म्होरं काय हाय?"

"तुम्हीच आहात."

"मंग म्हाताऱ्याला काड."

लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्यासमोर माझ्या डोक्यावर पदर आणि नजर खाली. पुढं पदर गेला, ड्रेस आला, नोकरी आली, आपण दगडावर शेजारी शेजारी बसायला लागलो, तरी समोरासमोर कधी नाही. सासऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची सोय सुनेला कुठं असते? त्या दुपारी मला ती मिळाली. टोपी काढलेली होती. कपाळावर टोपीची रेघ, तिच्यावरची कातडी लहान मुलासारखी गोरी आणि खालची रापलेली. भुवया पांढऱ्या, त्यात एकच काळा केस. डाव्या कानाच्या पाळीवर तीळ. खालचा ओठ थोडा डावीकडं झुकलेला. संजयचा ओठ तस्साच आहे, हे मला इतक्या वर्षांनी तेव्हा दिसलं. तुमचे डोळे तपकिरी होते, आबा. मी काळे समजत होते.

मला तुम्हाला सांगायचं होतं की त्या निळ्या कपाच्या सकाळी तुम्ही चहा मागितला नसतात तर मीही त्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून भिंतीकडं तोंड करून बसले असते. सांगायचं होतं की माझ्या वडिलांशी मी इतकं कधी बोलले नाही आणि त्यांच्यासोबत इतकं गप्पही बसले नाही. त्याऐवजी मी म्हटलं, "हलू नका हं."

आणि तुम्ही हलला नाहीत. नर्स रक्तदाब बघायला आली, तिला तुम्ही बोटानं थांब म्हणून खूण केलीत. ती बिचारी थांबली. खोलीत माझ्या पेन्सिलीची खरखर तेवढी. मी नाकाची बाजू काढत होते, मग गालाचा खड्डा, आणि एकदम माझ्या लक्षात आलं की पोटावरची चादर हलत नाहीये. मी घाबरून वर पाहिलं. तुमचे डोळे उघडे होते, माझ्यावर लागलेले, ओठ घट्ट मिटलेले. माझी रेघ बिघडू नये म्हणून तुम्ही श्वास धरून ठेवला होता.

"अहो आबा, श्वास घ्या!" मी ओरडले. "श्वास घेतला तर चालतं!"

तुम्ही तो सोडलात आणि त्या नळीतूनच, खोकत खोकत, पोट धरून हसलात.

तुमची,
माधवी